फिटची गोळी आणि लेकराची हाडं: पहिल्या वर्षात काय काय करायचं

ओपीडीतून बाहेर पडताना हातात ईईजीची (मेंदूच्या आलेखाची) फाइल असते, गोळ्यांची पिशवी असते आणि कानात एक ताकीद असते: "एकही डोस चुकवू नका." ताकीद अगदी खरी. हाडांबद्दल मात्र त्या दिवशी सहसा विषय निघत नाही. निघाला तरी ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण असतं? मी तरी नव्हते.

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी कार्बामॅझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं आणि फिट थांबल्या. नवव्या वर्षी संध्याकाळचे पाय दुखायला लागले. "वाढीचं दुखणं आहे, तेल चोळ," असं घरीदारी सगळ्यांनी सांगितलं, आणि मीही चोळलं. कळव्यातली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. ती कठडा धरून, दर दहा पायऱ्यांनी थांबत चढायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शंका आली. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ९, म्हणजे फारच कमी. आता ती चौदा वर्षांची आहे आणि तीन मजले पळत चढते. मधल्या काळात जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळलेलं बरं.

सगळ्यात आधी: गोळी बंद करायची नाही

हे वाचून कोणी रात्रीचा डोस टाळणार असेल तर त्यांनी पुढचं वाचू नये. अचानक गोळी बंद केली की फिट परत येतात. कधी कधी ती थांबतच नाही आणि मूल थेट आयसीयूत जातं. शिवाय जोरदार फिटमध्ये पडून हात मोडतो, नुसत्या आकडीच्या ताकदीनं पाठीचा मणकासुद्धा दबतो. म्हणजे हाडांच्या काळजीपोटी गोळी सोडली तर हाडंच मोडायची. माझ्या लेकीचा डी ९ आला तेव्हाही डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन बदललं नाही. इतकी वर्षं फिट नव्हती, ती घडी कशाला मोडायची? त्यांनी डी भरून काढलं आणि आमच्या जेवणाची, उन्हाची उलटतपासणी घेतली.

पहिली पायरी: आपली गोळी कोणत्या गटातली ते पाहा

डब्यावरचं मोठं नाव कंपनीचं असतं. त्याखालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वहीत उतरवून घ्या.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटाल (म्हणजेच फेनोबार्बिटोन), कार्बामॅझेपिन, प्रिमिडोन ही जुनी मंडळी. हाडांच्या बाबतीत यांच्यावर सर्वात जास्त लक्ष ठेवायचं. ही औषधं घेणाऱ्यांमध्ये मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) दिसतो हे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे, त्यामुळे ही काही नवी अफवा नाही. ऑक्सकार्बाझेपिन त्याच कुळातलं, पण सौम्य. व्हॅल्प्रोएटची वाट वेगळी, तरी बरीच वर्षं घेणाऱ्या मुलांची हाडं विरळ झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांनी रक्तातली आम्लता वाढू शकते आणि ती निस्तरताना हाडातले क्षार खर्ची पडतात. मूतखड्याचा त्रासही त्यातलाच. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम त्या मानानं सौम्य समजली जातात. लेव्हेटिरासिटामबद्दलचे पुरावे मात्र एकमुखी नाहीत.

दोन-तीन औषधं एकत्र चालू असली, बरीच वर्षं चालू असली, किंवा सोबत किटोजेनिक आहार (भरपूर तूप-तेल, अगदी कमी पीठ-साखर) असला तर धोका वाढतो. लहान बाळाच्या विशिष्ट झटक्यांसाठी स्टिरॉइड किंवा एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनचे कोर्स झाले असतील तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

दुसरी पायरी: हे घडतं कसं, ते एकदा समजून घ्या

यकृतात औषधं मोडून बाहेर काढणारी विकरं (एन्झाइम) असतात. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइनसारखं औषध रोज यायला लागलं की यकृत त्या कामावरची माणसं वाढवतं. ही वाढीव माणसं फक्त गोळीवर हात चालवून थांबत नाहीत, समोर आलेलं व्हिटॅमिन डीसुद्धा मोडून टाकतात. डी कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. दूध पोटात जातं, पण त्यातला मोठा वाटा तसाच बाहेर पडतो.

पुढचा भाग आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखा आहे. मेंटेनन्स थकलं तर कमिटी काय करते? सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांत, हात घालते. जिन्यातले दिवे चालू, पंप चालू, कोणाला काही जाणवत नाही. दहा वर्षांनी इमारतीची दुरुस्ती काढायची वेळ येते तेव्हा कळतं की फंड रिकामा आहे. हृदय आणि स्नायू चालवायला रक्तात कॅल्शियम ठरावीक पातळीवर लागतंच, म्हणून पॅराथायरॉइड संप्रेरक हाडातून ते काढून रक्तात आणतं. त्यामुळेच "कॅल्शियम नॉर्मल आहे" एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. आयुष्यभर पुरायचा हाडांचा साठा बहुतांशी अठरा-वीस वर्षांपर्यंतच जमा होतो, आणि आपली मुलं नेमकी त्याच वयात ही औषधं घेत असतात.

तिसरी पायरी: रक्त तपासा, आणि रिपोर्ट नीट वाचा

औषध सुरू करताना, नाहीतर सुरू झाल्यावर लवकरच, एकदा पायाभूत तपासणी मागून घ्या: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज. गडबड दिसली तर डॉक्टर पॅराथायरॉइड संप्रेरकही तपासायला सांगतात. पुढे साधारण वर्षातून एकदा, धोका जास्त असेल तर सहा महिन्यांनी.

रिपोर्ट हातात आला की घाबरायच्या दोन जागा असतात.

पहिली जागा डीचा आकडा. बऱ्याच लॅब ३० च्या खाली सगळंच "अपुरं" छापतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांसाठी वेगळी रेघ धरते: दर मिलिलिटर रक्तात १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं, २० च्या वर पुरेसं. म्हणून २४ आकडा आणि त्यापुढे लाल खूण पाहून रात्रभर जागू नका. ९ आला तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, त्याला २.५ नं भागायचं.

दुसरी जागा अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाडं घडताना रक्तात वाढणारं एक विकर. लॅबनं मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते, ती साधारण १२०-१४० पर्यंत. वाढत्या मुलाची हाडं रोज घडत असतात, त्यामुळे २५०-३०० आकडा ठणठणीत मुलातही दिसतो. त्याच्यापुढचा बाण पाहून मी एकदा नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. वयाप्रमाणे मर्यादा काय, एवढंच डॉक्टरांना विचारायचं असतं.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) प्रत्येकाला लागत नाही. किरकोळ पडण्यानं हाड मोडलं, मूल चालत नाही, किंवा अनेक वर्षं जुनी औषधं चालू आहेत, अशा वेळी डॉक्टर सुचवतात. केलाच तर मुलांसाठी झेड स्कोर (त्याच वयाच्या मुलांशी तुलना) बघतात. टी स्कोर (तरुण माणसांशी तुलना) मोठ्यांचा. मूल वयाच्या मानानं बुटकं असेल तर उंची धरून आकडा वाचावा लागतो, नाहीतर उगाच "हाडं विरळ" असा शिक्का बसतो. नुसत्या स्कॅनवरून मुलाला ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) ठरवत नाहीत. हाडं मोडण्याचा इतिहासही लागतो.

चौथी पायरी: थेंब, गोळ्या आणि ती सॅशे

निरोगी मुलाला एक वर्षानंतर रोज ६०० युनिट डी लागतं, तान्ह्या बाळाला ४००. वर सांगितलेल्या जुन्या औषधांवरच्या मुलांना डॉक्टर अनेकदा याहून जास्त देतात, पण किती ते वजन आणि रिपोर्ट पाहून तेच ठरवतील.

इथे दोन चुका वारंवार होतात. डीचे थेंब वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात. एका बाटलीत १ मिलीत ४०० युनिट, दुसरीत १ मिलीत ८००. दुकानदारानं कंपनी बदलून दिली आणि आपण जुन्याच मापानं पाजलं तर डोस दुप्पट नाहीतर निम्मा. म्हणून "किती मिली" याच्यासोबत "किती युनिट" हेही चिठ्ठीवर लिहून घ्या.

दुसरी चूक सॅशेची. ६०,००० युनिटची पुडी म्हणजे मुलाच्या रोजच्या गरजेच्या हिशेबानं १०० दिवसांचं डी. ही आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच द्यायची असते. घरात आजी एक देतात, आई दुसरी देते, कोणी "रोज दुधातून" असं ऐकून आलेलं असतं. डी शरीरात साठून राहतं. अति झालं की कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, खूप तहान, आणि मूत्रपिंडाला इजा. आमच्याकडे कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत टिक केल्याशिवाय पुडी फोडायची नाही, असा नियम होता.

कॅल्शियमची गोळी दिली असेल तर ती फेनिटॉइनसोबत एकाच वेळी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या औषधालाही तेच. आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून द्या, हा फॉरवर्ड तुमच्यापर्यंत आला नसेल तर येईल. देऊ नका. "मिरगीवर हमखास" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही नकोत: अशा पुड्यांत गुपचूप मिसळलेलं फेनोबार्बिटाल तपासात सापडलेलं आहे. म्हणजे ज्या औषधाची काळजी करतोय तेच, डोस न कळता.

पाचवी पायरी: स्वयंपाकघरातला हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोजचं कॅल्शियम असं: ४ ते ६ वर्षांना ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ ला ६५०, १० ते १२ ला ८५०, १३ ते १५ ला १०००. चौदा वर्षांच्या मुलीला हजार मिलिग्रॅम म्हणजे नक्की काय, हे मी एकदा ओट्यावर मांडून पाहिलं. १०० मिली दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोनशे मिलीचा पेला २४०. दिवसात दोन पेले दूध आणि एक वाटी दही झालं की सहाशेच्या आसपास. उरलेलं नाचणी, तीळ आणि भाज्यांतून काढायचं.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या वर कॅल्शियम असतं. एका मध्यम भाकरीत सव्वाशे-दीडशे धरा. लेकीला भाकरी नको असते, मग आंबील, सत्त्व, किंवा घावनात निम्मं नाचणीचं पीठ. जांभळी नाक्याच्या बाजारातून मी अख्खी नाचणी आणते, मोड आणून वाळवते आणि गिरणीवाल्याला आधी जोंधळे दळून घ्यायला सांगते, म्हणजे आपल्या पिठात गव्हाची भेसळ होत नाही. (हा हाडांशी संबंधित सल्ला नाही, पण कामाचा आहे.) तीळ कॅल्शियमचे राजे, तरी चमचाभरात तीस-चाळीस मिलिग्रॅमच. म्हणून संक्रांतीपुरते न ठेवता चटणीत वर्षभर. शेवग्याची पानं चांगली. पालकाच्या भरवशावर राहू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

मासे खाणाऱ्यांना सोपं आहे. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खातात, जवळा-सुकट तर अख्खंच पोटात जातं. चेंदणी कोळीवाड्यातली माझी मैत्रीण म्हणते, "तुम्ही लोक कॅल्शियमच्या गोळ्या घेता, आम्ही सुकटीची चटणी खातो." सुकट धुऊन घ्या, मीठ फार असतं. बांगडा, तारली यांत थोडं डीही मिळतं. दुधाच्या पिशवीवर निळी "प्लस एफ" खूण असेल तर त्यात ए आणि डी घातलेलं असतं. दोन पिशव्यांत निवड असेल तर ती घ्या.

सहावी पायरी: कोवळं ऊन, आणि सासूबाईंशी वाद

सासूबाई रोज सकाळी सात वाजता नातीला गॅलरीत बसवायच्या. "अगं, कोवळं ऊन हाडांना चांगलं, आमच्या आज्या काय वेड्या होत्या?" वेड्या नव्हत्या, पण त्या दिवसभर अंगणात वावरायच्या. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य वर आल्याशिवाय पुरेसे खाली पोचत नाहीत. ओळखायची खूण सोपी: आपली सावली आपल्याहून आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोन. काच ते किरण अडवते, त्यामुळे घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या बंद स्लायडिंगमागे बसून उपयोग नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, सातला तुम्ही तिच्याशी गप्पा मारा, अकराला मी तिला खाली नेते." तह झाला.

आठवड्यातून तीन-चार दिवस, वीसेक मिनिटं, हात-पाय उघडे. सावळ्या कातडीला जरा जास्त. ठाण्यात उपवनच्या काठावर रविवारी अकराला मोकळी जागा मिळते. मुलांना ऊन नाही, खेळ हवा असतो. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये वेळ कमी करा. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर विशेष जपा: या औषधांनी घाम कमी येतो आणि मूल तापतं. पाणी सोबत, चेहरा लाल आणि अंग कोरडं वाटलं की लगेच सावलीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन नावालाच, त्या चार महिन्यांत थेंबांवरच भिस्त.

सातवी पायरी: उड्या मारू द्या

हाडावर भार पडला तरच ते घट्ट होतं. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, जिने. फिटच्या भीतीनं आपण मुलाला सोफ्यावर बसवतो आणि शाळाही पीटीच्या तासाला वर्गातच ठेवते. डॉक्टरांकडून "खेळू द्यावे" अशी दोन ओळींची चिठ्ठी घेऊन शाळेत द्या. फिट आल्यास कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाच मिनिटांवर गेली तर १०८, हेही त्याच कागदावर लिहा. सायकलला हेल्मेट. पोहायला फक्त त्याच्यावरच डोळा असलेलं मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तेव्हाच. घरात बाथरूमला आतून कडी नको आणि बंक बेडची वरची गादी भावाला द्या.

चालू न शकणाऱ्या मुलांचं थोडं वेगळं

सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) आणि सोबत फिट, नळीनं अन्न, व्हीलचेअर: या मुलांच्या हाडांना सर्वात जास्त धोका, आणि त्यांच्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं. अशा मुलाचं मांडीचं हाड कपडे बदलतानाही मोडू शकतं. ते बोलून सांगू शकत नसेल तर आपल्याला दिसतं एवढंच: डायपर बदलताना अचानक किंचाळतं, एक पाय हलवत नाही, मांडी सुजली आहे, गरम लागते. "किरकिर करतोय" म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा. उचलताना हातापायाला धरून ओढायचं नाही. एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली. फिजिओथेरपिस्टला उभं राहण्याच्या फ्रेमबद्दल विचारा. दिवसातून थोडा वेळ बांधून का होईना, पायांवर भार यायला हवा.

लगेच दाखवायच्या गोष्टी

मनगटं किंवा घोटे रुंद दिसायला लागले, पाय धनुष्यासारखे वाकले, जमिनीवरून उठताना मूल मांड्यांवर हात टेकतं, जिना चढवत नाही, चालताना लंगडतं. फिटनंतर पाठ दुखते आणि दोन दिवसांत थांबत नाही. हातापायाला मुंग्या येतात, बोटं आखडतात. शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर त्यानंच फिट येते. बरे दिवस चालू असताना अचानक फिट वाढल्या, तर गोळीचा डोस वाढवण्याआधी कॅल्शियम पाहिलंय का, एवढं नक्की विचारा.

ओपीडीत जाताना

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिका रुग्णालय असो की परळचं वाडिया, डॉक्टरांसमोर मिळतात पाच मिनिटं. प्रश्न आदल्या रात्री लिहा. आमच्या वहीत चारच असायचे: या औषधाचा हाडांवर परिणाम होतो का? डी किती युनिट, किती दिवस? पुढची तपासणी कधी? फिट आटोक्यात राहून औषध बदलता येईल का, की हेच ठेवायचं? गोळ्यांचे डबेच सोबत न्या, नावं तोंडपाठ म्हणून सांगू नका. मूल अंगणवाडीत किंवा सरकारी, अनुदानित शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा शिक्षकांना सांगून ठेवा. त्यांच्या यादीत झटके येणं आणि मुडदूस, दोन्ही आहेत.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची रेघ मारा आणि तारीख घाला. वहीत लिहिलेलं हरवतं, चौकट जागेवर राहते. आमच्या चौकटीवर आठ ते नऊ वर्षांच्या रेघा एकमेकींना चिकटून आहेत आणि त्यानंतरच्या सुट्या सुट्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन हळूहळू कमी करायला घेतलं, तेव्हा मी डीचे थेंबही थांबवायचे का असं विचारलं. ते म्हणाले, "वाढ संपेपर्यंत थेंब, दूध आणि नाचणी चालू राहू दे." नाचणी ऐकून लेकीनं तोंड वाकडं केलं.